उत्तर स्वीडनला शिकवायला जाताय? थंडीचं नंतर बघू, आधी नंबर लावा

भारतातून कोणी उमेओला गेस्ट टीचर म्हणून येणार असलं की पहिला प्रश्न ठरलेला, थंडी किती असते हो? असते की. जानेवारीत उणे दहा-पंधरा नेहमीचंच, मधूनच उणे पंचवीसही होतं. पण थंडीला घाबरून कोणी परत गेलेलं मी तरी पाहिलं नाही, कपडे नीट घातले की विषय संपला. माणूस वैतागतो ते वेगळ्याच गोष्टीला. इथे काहीही "चल आत्ता जाऊन करून टाकू" असं होत नाही. घर, बँक, दाताचा डॉक्टर, कपडे धुणं, कोणाच्या घरी कॉफीला जाणं, परीक्षेचा हॉल, सगळ्यासाठी आधी नंबर लावायचा, आणि तोही योग्य क्रमाने, कारण पहिलं झाल्याशिवाय दुसरं होत नाही. म्हणून खालचं सगळं त्या क्रमानेच लिहिलंय.

जागा माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. उमेओ स्टॉकहोमच्या उत्तरेला साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, उमे नदीच्या काठी. विमानाने तासभर, ट्रेनने साधारण साडेसहा तास. युनिव्हर्सिटी 1965 ची, उत्तर स्वीडनमधली पहिली. एमान्युएल शार्पोंतिए यांना 2020 चं केमिस्ट्रीचं नोबेल ज्या क्रिस्परच्या (जीन कापून बदलण्याच्या तंत्राच्या) कामासाठी मिळालं त्यातलं महत्त्वाचं काम त्या इथे असताना झालंय, त्यामुळे गाव लहान म्हणून युनिव्हर्सिटी आडगावची समजू नका. आणखी उत्तरेला लुलेओ किंवा किरुनाला जाणार असाल तरी कागदपत्रं हीच, फक्त अंधार जास्त. किरुनाला डिसेंबरात काही आठवडे सूर्य उगवतच नाही.

पायरी 1: काँट्रॅक्टवरच्या तारखा बघा, पगार नंतर

खरंच. इथे राहण्याचा काळ 12 महिने किंवा जास्त आहे की कमी, यावर पुढचं अख्खं आयुष्य ठरतं. वर्ष किंवा जास्त राहणार असाल आणि परमिटही तेवढ्याचं असेल तर तुमची लोकसंख्येच्या रजिस्टरमध्ये नोंद होते आणि पर्सोननुमर मिळतो, म्हणजे आपल्या आधारसारखा पण आधारपेक्षा कितीतरी जास्त ठिकाणी लागणारा नंबर. कमी राहणार असाल तर नुसता कोऑर्डिनेशन नंबर, त्याने पगार आणि टॅक्सचं काम होतं पण बाकी बरीच दारं बंद राहतात. त्यामुळे डिपार्टमेंट अकरा महिन्यांचं काँट्रॅक्ट देत असेल तर सही करायच्या आधी विचारा की बारा होतील का. पुष्कळदा अकरा हा आकडा सहज टाकलेला असतो, त्यामागे काही कारण नसतं, आणि विचारलं की बदलूनही मिळतो. नंतर मात्र बदलायला गेलात तर परमिटपासून सगळं परत.

परमिटचा अर्ज ऑनलाइन, मायग्रेशन एजन्सीच्या साइटवर. रिसर्च आणि शिकवणं दोन्ही असेल तर रिसर्चरचं परमिट, त्यासाठी युनिव्हर्सिटीकडून होस्टिंग अॅग्रीमेंट लागतं. फक्त शिकवायचं असेल तर वर्क परमिटच्या वाटेने. तीन महिन्यांच्या आतलं काम असेल तर व्हिजिटिंग टीचरला वर्क परमिटमधून सूट आहे पण आपल्या पासपोर्टवर शेंगेन व्हिसा काढावा लागतोच. यातलं तुमच्या केसला काय लागू पडतं ते एचआरला मेलवर लेखी विचारून घ्या, फोनवर नको. पासपोर्टची मुदत काँट्रॅक्टच्या आधी संपत असेल तर आधी पासपोर्ट रिन्यू करा, कारण परमिट पासपोर्टच्या मुदतीपुरतंच देतात आणि मग ते बारा महिन्यांचं गणित तिथेच फिस्कटतं.

पायरी 2: घर, आणि हे आजच सुरू करा

इथली घरं रांगेने मिळतात. नगरपालिकेची कंपनी आहे, बूस्ताडेन नावाची, तिच्या वेबसाइटवर नाव नोंदवलं की पॉइंट जमायला लागतात, घर ज्याचे पॉइंट जास्त त्याला. तुम्ही येईपर्यंत काही होणार नाही, पण नोंदणी आजच करून ठेवा, पुढे काँट्रॅक्ट वाढलं तर उपयोगाला येते. सुरुवातीला मात्र युनिव्हर्सिटीच्या हाउसिंगवाल्यांना ऑफर लेटर आल्या दिवशीच मेल करा, गेस्ट लोकांसाठी थोड्या सामान लावलेल्या खोल्या असतात आणि ऑगस्टमध्ये स्टुडंट्सच्या झुंडी आल्या की काहीच उरत नाही. जानेवारीत येणाऱ्यांचं जरा सोपं जातं.

तिसरा मार्ग म्हणजे कोणाचं तरी घर पोटभाड्याने घेणं. यात फसवाफसवी चालते, त्यामुळे घर बघितल्याशिवाय एक क्रोनाही पाठवायचा नाही, मालक कितीही गोड बोलला आणि पासपोर्टचा फोटो पाठवला तरी. डिपार्टमेंटमधल्या कोणाला तरी जाऊन बघायला सांगा, इथली माणसं अशा कामाला नाही म्हणत नाहीत. पोटभाडेकरू ठेवायला मूळ घरमालकाची परवानगी लागते, ती आहे का हेही विचारा, नाहीतर तुमचं नाव त्या पत्त्यावर नोंदवू नका असं पोटभाड्याने देणारा सांगेल आणि पत्ता नाही म्हणजे पर्सोननुमर नाही.

एरिया म्हणाल तर कॅम्पसला खेटून ओलिडहेम, स्टुडंट्सची वस्ती, थोडा गोंगाट पण चालत जाता येतं. मारीएहेम आणि बेर्गहेम शांत. तेग नदीपलीकडे, छान आहे पण पुलावरचा वारा जानेवारीत तोंड सोलून काढतो.

पायरी 3: बॅगेत काय

जॅकेट आणि बूट भारतातून आणू नका, मनालीसाठी घेतलेलं जॅकेट इथे ऑक्टोबरपर्यंत पुरतं. त्यापेक्षा किचन आणा. प्रेशर कुकर आणायचा तर स्टीलचा, इंडक्शन बेसवाला, कारण इथे गॅस जवळपास नाहीच, सगळ्या विजेच्या शेगड्या, त्यातल्या काही इंडक्शन, आणि त्यावर आपला अॅल्युमिनियमचा कुकर नुसता थंडगार बसून राहतो. तवाही तसाच बघून घ्या.

गोडा मसाला, हिंग, आमसुलं, कुळथाचं पीठ, मेतकूट भरपूर आणा. पण तूप, पेढे, बर्फी, खवा बाहेर काढा, युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, आईने कितीही प्रेमाने बरणी भरून दिली असली तरी. सुका बोंबील, सोडे यांना तो नियम नाही, माशांचा वेगळा आहे आणि ठराविक वजनापर्यंत चालतात, पण वास पसरणार नाही असं पॅक करा, विमानात शेजारी माणसं असतात. आंबे आणि ताजा कढीपत्ताही सर्टिफिकेटशिवाय नाही.

चष्म्याची जास्तीची जोडी आणा आणि दातांचं जे काही राहिलं असेल ते तिकडेच उरकून या. इथे दाताचा डॉक्टर खिशाला परवडत नाही आणि त्याची तारीखही लवकर मिळत नाही.

पायरी 4: पहिले काही आठवडे, नंबर

उतरल्यावर झोप पूर्ण करा आणि मग टॅक्स ऑफिसचं काम करणाऱ्या सरकारी सर्व्हिस सेंटरला जा. पासपोर्ट, परमिट कार्ड, काँट्रॅक्ट, घराचा करार, लग्न झालं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट, मुलं असतील तर बर्थ सर्टिफिकेट, सगळं ओरिजिनल. कुटुंब सोबत असेल तर सगळ्यांनी जायचं. मग वाट बघायची. काहींना पर्सोननुमर दोन-तीन आठवड्यांत येतो, काहींना दोन-तीन महिने लागतात, आणि ऑफिसात फोन करून घाई करता येत नाही, ओळख काढून तर अजिबातच नाही.

नंबर समजून घ्या म्हणजे फॉर्म भरताना गोंधळ होणार नाही. आधी जन्मतारीख, वर्ष-महिना-दिवस अशी उलटी, मग चार आकडे. त्यातला शेवटून दुसरा आकडा पुरुषांचा विषम आणि बायकांचा सम असतो. कोऑर्डिनेशन नंबर दिसतो तसाच, फक्त दिवसात 60 मिळवलेले असतात, म्हणजे 15 तारखेचा जन्म असेल तर 75 दिसतं, चुकलंय असं समजून परत ऑफिसला जाऊ नका.

नंबर आला की क्रम असा: आयडी कार्ड, मग बँक अकाउंट, मग बँकआयडी, मग स्विश. बँकआयडी म्हणजे फोनवरची सही, डॉक्टरची अपॉइंटमेंट, टॅक्स, पार्सल, मुलांची शाळा सगळं त्याच्यावर. स्विश म्हणजे इथलं यूपीआय समजा, फीकाच्या, म्हणजे कॉफीच्या सुट्टीच्या, केकची वर्गणी पण स्विशनेच. हे होईपर्यंत भारतातलं इंटरनॅशनल कार्ड चालू ठेवा, ओटीपी इकडे येतोय ना ते निघायच्या आधी तपासा. रोख पैसे आणून काही फायदा नाही, बसमध्येसुद्धा घेत नाहीत.

पगार 25 तारखेला होतो. त्यामुळे 1 सप्टेंबरला जॉइन झालात तर जवळजवळ महिना स्वतःच्या पैशावर काढायचा, आणि घराचं भाडं आगाऊ, तेवढी तजवीज करून या. टॅक्स पगाराच्या पाव हिश्श्याच्या आसपास जातो. सहा महिन्यांपेक्षा कमी राहणाऱ्यांना परदेशी लोकांसाठीचा वेगळा सरसकट टॅक्स घेता येतो, तो आपोआप लागत नाही, अर्ज करावा लागतो.

पायरी 5: कपडे, पटकन

अंगाला लागून मेरिनो लोकर, वर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. कॉटन आत नको, घाम धरून ठेवतं. बूट एक नंबर मोठे, आत जाड मोजा बसला पाहिजे. सगळ्यात महत्त्वाचे ते ब्रॉडर, म्हणजे बुटाला खालून लावायचे खिळे असलेले रबरी पट्टे. इथे हाडं मोडतात ती उणे वीसमध्ये नाही, शून्याच्या आसपास बर्फ वितळून परत गोठतो तेव्हा. आणि जॅकेटला लटकवायचा रिफ्लेक्टर, अंधारात गाडीवाल्याला दिसायला. सेकंडहँड दुकानं उत्तम आहेत, लाजू नका, प्रोफेसर मंडळी पण तिथूनच घेतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुटपाथवर आडवी काठी लावून रस्ता अडवलेला दिसला तर काठी ओलांडून जाऊ नका, वर छतावरचा बर्फ सुटायच्या बेतात असतो.

पायरी 6: वर्ग

इथे जरा सावकाश वाचा, कारण थंडीबद्दल सगळे सांगतात आणि याबद्दल कोणी सांगत नाही.

आपल्याकडे सेमिस्टरला पाच-सहा विषय समांतर चालतात. इथे पुष्कळदा एका वेळी एकच कोर्स. साडेसात क्रेडिटचा कोर्स म्हणजे पाच आठवडे पूर्णवेळ, दीड क्रेडिट म्हणजे एक आठवडा, सेमिस्टर 30 क्रेडिटचं. त्यामुळे तुमचा पंधरा आठवड्यांत पसरवलेला अभ्यासक्रम पाच आठवड्यांत बसवायला गेलात तर मुलांची दमछाक आणि तुमचीही. लेक्चर कमी करा, वाचायला जास्त द्या. मुलांनी आठवड्याला चाळीस तास अभ्यास करावा असं धरलेलं असतं आणि त्यातले वर्गातले तास मोजकेच.

टाइमटेबलवर 10 लिहिलं असेल तर लेक्चर 10:15 ला. मुलं बरोबर 10:14 ला बसलेली असतात. दर पाऊण तासाला पंधरा मिनिटांची सुट्टी द्यायची, विसरलात तर कोणी काही बोलणार नाही पण चेहरे बघून कळेल. सर, मॅडम काही नाही, पहिल्या नावाने हाक मारतात, पहिल्या आठवड्यात जरा टोचतं, मग आवडायला लागतं.

प्रश्न विचारला की शांतता. ही उद्धट शांतता नाही आणि समजलं नाही असंही नाही, सगळ्यांसमोर पटकन बोलणं इथल्या लोकांच्या स्वभावात नाही. "दोघं-दोघं मिळून तीन मिनिटं बोला आणि मग सांगा" असं केलं की तोच वर्ग बोलायला लागतो. आणि एक गंमत, इथली माणसं "हो" म्हणायच्या ऐवजी ओठांचा चंबू करून फुस्सकन हवा आत ओढतात. समोरच्याला धाप लागली की काय असं वाटतं. तुम्ही विचारलं समजलं का, आणि मागच्या बाकावरून फुस्स असा आवाज आला, तर समजलंय, पुढे चला.

आता नियम. प्रत्येक कोर्सचा कुर्सप्लान, म्हणजे अधिकृत अभ्यासक्रम, असतो, तो बंधनकारक. त्यात लिहिलंय तशीच परीक्षा घ्यायची, मध्येच "पंधरा मार्कांचं एक सबमिशन वाढवतो" असं चालत नाही. लेक्चरला हजेरी सहसा सक्तीची नसते, लॅब आणि सेमिनारला असते. लेखी पेपरवर नाव नसतं, कोड असतो. ग्रेड सहसा नापास, पास आणि उत्तम अशी तीनच, इंजिनीअरिंगला 3, 4, 5. नापास झालेल्याला परत बसता येतं, एकदा नाही अनेकदा, आणि दोनदा नापास झाला तर तो दुसरा परीक्षक मागू शकतो, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. म्हणजे तुमचं काँट्रॅक्ट संपल्यावरही तुमच्या कोर्सच्या फेरपरीक्षा होणार, तेव्हा दोन-तीन जादा पेपर उत्तरांसकट लिहून ठेवून जा, मागचे लोक दुवा देतील.

आणि तुमच्या मेल. सरकारी युनिव्हर्सिटी आहे, कामाची मेल म्हणजे सरकारी कागद, आणि सरकारी कागद कोणीही मागू शकतो, हा हक्क स्वीडनमध्ये 1766 पासून आहे. मुलांच्या उत्तरपत्रिकाही त्यातच येतात. त्यामुळे एखाद्या स्टुडंटबद्दल सहकाऱ्याला चिडून काही लिहायचं असेल तर लिहू नका, कॉफी घेताना बोला.

कॅलेंडर उघडून आठवड्याचे नंबर दिसायची सेटिंग चालू करा. इथे कोणी "सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात" म्हणत नाही, "वीक 38 ला भेटू" म्हणतात. वीक 10 ला शाळांना स्कीची सुट्टी असते, त्या आठवड्यात कोणी भेटणार नाही. जुलैत तर कोणीच भेटणार नाही, अर्ज, सही, दुरुस्ती सगळं ऑगस्टवर.

पायरी 7: फीका आणि कपडे धुण्याची खोली

फीका म्हणजे सकाळी साडेनऊ आणि दुपारी अडीच-तीनच्या सुमारास सगळ्यांनी किचनमध्ये जमून कॉफी. काम आहे म्हणून चुकवू नका. घर रिकामं होतंय, सायकल विकायची आहे, पुढच्या वर्षी कोर्स कोण घेणार, हे सगळं तिथेच कळतं, मीटिंगमध्ये फक्त त्यावर शिक्का बसतो. शुक्रवारी आळीपाळीने कोणीतरी खायला आणतं, तुमची पाळी आली की नारळाच्या वड्या किंवा चिवडा न्या, दहा मिनिटांत डबा रिकामा होतो. आपला कप आपण धुवायचा, हेड ऑफ डिपार्टमेंट पण धुतात.

कपडे धुण्याची खोली, त्वेतस्तूगा, बिल्डिंगच्या तळघरात, सगळ्यांची मिळून. बाहेर बोर्ड असतो, त्यावर तीन-चार तासांचे स्लॉट, तुमच्या घराच्या नंबरचं छोटं कुलूप त्या तारखेच्या भोकात अडकवायचं की बुक झालं, नव्या बिल्डिंगांत स्क्रीन असते. अर्धा तास उशीर केलात तर दुसरा कोणीतरी मशीन लावून टाकतो आणि तो त्याचा हक्क आहे. वेळ संपायच्या आत कपडे बाहेर, ड्रायरच्या जाळीतला कापूस काढायचा, फरशी पुसायची. नाही केलंत तर समोर कोणी काही बोलणार नाही, दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी असेल, मोठ्या अक्षरात, अतिशय सभ्य भाषेत, आणि शेवटी स्मायली. त्या स्मायलीला भ्यायचं.

घरात फोडणी देताना एक्झॉस्ट फुल आणि बेडरूमचं दार बंद, स्मोक अलार्मला मोहरी-मिरचीची सवय नाही. तूरडाळ एशियन दुकानांत मिळते, मसूर कुठल्याही सुपरमार्केटमध्ये. फिलम्येल्क नावाचं आंबट दूध ताक-कढीला मस्त, आणि क्वार्ग घेऊन रात्रभर टांगून ठेवलं की श्रीखंड होतं, चितळ्यांचं नाही होणार पण दसऱ्याला चालून जातं.

पायरी 8: अंधार

21 डिसेंबरच्या आसपास सूर्य साडेनऊच्या सुमारास उगवतो आणि दोनच्या आत मावळतो. खिडकी नसलेल्या खोलीत 10 ते 12 लेक्चर आणि मग जेवण केलंत तर दिवस संपलाच. टाइमटेबल ठरताना शक्य असेल तर दुपारचा एक तास मोकळा मागून घ्या आणि बाहेर चाला, आकाश ढगाळ असलं तरी. कॅम्पसच्या शेजारीच जंगल आहे, स्टाड्सलीडेन, तिथल्या पायवाटांना दिवे आहेत. सगळ्यात वाईट महिना नोव्हेंबर, कारण बर्फ टिकलेला नसतो आणि सगळं काळंकुट्ट. बर्फ पडला की उजेड दुप्पट वाटतो. इथल्या वीज कंपनीने 2012 मध्ये बसस्टॉपवर लाइट थेरपीचे दिवे लावले होते, म्हणजे हा त्रास फक्त आपल्यालाच होतो असं नाही.

डिसेंबरात प्रत्येक खिडकीत कागदी चांदणी आणि दिवे लावतात, तेव्हा आपला आकाशकंदील आणलात तर दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत खुशाल लटकवा, शेजारी कौतुकच करतात. झोप, मूड फारच बिघडला तर वाट बघत बसू नका, 1177 ला फोन करा, आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, इंग्लिश बोलतात. इमर्जन्सी 112.

मेअखेरपासून उलटा प्रकार, रात्री अकरालाही उजेड, झोप येत नाही. जाड काळे पडदे एप्रिलमध्येच घ्या.

पायरी 9: परत निघताना

घर स्वतःच्या नावावर भाड्याने घेतलेलं असेल तर सोडण्याची नोटीस तीन कॅलेंडर महिन्यांची, म्हणजे 2 मार्चला दिलीत तर जूनअखेरचं भाडं भरायचं, 28 फेब्रुवारीला दिलीत तर मेअखेरचं. वर्षासाठी किंवा कायमचे जाणार असाल तर टॅक्स ऑफिसला कळवा, नाहीतर इकडचा हिशोब चालू राहतो. बँक अकाउंट लगेच बंद करू नका, टॅक्सचा परतावा पुढच्या वर्षी येतो आणि तो त्याच अकाउंटला. सायकल, बूट, कुकर पुढच्या येणाऱ्याला द्या, युनिव्हर्सिटीतल्या भारतीयांच्या ग्रुपवर टाकलंत की संध्याकाळपर्यंत कोणीतरी न्यायला येतं, येतानाची वेळ ठरवूनच अर्थात.